जव, ज्वारी, जोन्ना आणि मिलो

परभणीच्या मोंढ्यात जाऊन कुणी नुसती ‘ज्वारी द्या’ म्हटले, तर ते गिऱ्हाईक शहरातले असावे हे दुकानदाराला लगेच कळते. तो विचारतो, ‘कोणती?’ बडी आहे, टाळकी आहे, पिवळी आहे, हायब्रीड आहे. मग भाव निघतो. पुणे-साताऱ्याकडून आलेला माणूस ‘शाळू’ म्हणतो, एखादी म्हातारी अजून ‘जोंधळा’ म्हणते, आणि शेजारच्या मोहल्ल्यातली बाई त्याच पोत्याकडे बोट करून ‘जवार’ म्हणते. धान्य एकच.

इथून गोदावरीच्या अंगाने खाली उतरत नांदेड, देगलूर ओलांडून तेलंगणात शिरले की ज्वारीची ‘जोन्ना’ होते. लातूर-उदगीरवरून बीदरकडे वळले तर तिचेच ‘जोळ’ होते. आणखी दक्षिणेला, तमिळमध्ये, ती ‘चोळम’. उत्तरेला गुजरातेत ‘जुवार’, हिंदीत ‘ज्वार’. इंग्रजांनी हिंदुस्थानात कानावर पडलेले नाव ‘जोवार’ असे उचलले खरे, पण शास्त्रीय पुस्तकांत मात्र ‘सोरघम’ लिहिले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातले केंद्र ‘ज्वार संशोधन केंद्र’ आहे, ‘ज्वारी संशोधन केंद्र’ नाही. तिथल्या शास्त्रज्ञाच्या इंग्रजी निबंधात सोरघम असते, सरकारी पाटीवर ज्वार असते आणि दुपारच्या डब्यात ज्वारीची भाकर असते.

चहाचे असे झाले नाही. चहा, चाय, चा, टी, कुठलेही नाव घ्या, जगभरातली बहुतेक नावे चिनी भाषेच्याच दोन बोलींतल्या उच्चारांकडे जातात. पाव पोर्तुगिजांकडून आला आणि पावच राहिला. मग ज्वारीलाच कोसाकोसावर नवे नाव का? उत्तर सोपे आहे आणि मला तरी ते पटते. जे खाणे व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून येते त्याला व्यापारी नाव देतो, आणि तेच नाव दूरवर चालते. जे आपल्याच रानात पिकते, आपल्याच जात्यावर दळले जाते आणि आपल्याच तव्यावर भाजले जाते, त्याचे नाव बाहेरून आणायची गरज कुणाला पडत नाही.

गंमत अशी की ज्वारीसुद्धा मुळात बाहेरचीच. तिचे माहेर आफ्रिका. पूर्व सुदानात सापडलेल्या, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापरांवर लागवडीच्या ज्वारीचे ठसे मिळाले आहेत. तिथून ती समुद्रमार्गे भारतात आली. सुदानात आजही तिची ‘किसरा’ नावाची पातळ आंबट पोळी खातात. इथिओपियात तिला ‘माशिला’ म्हणतात, स्वाहिलीत ‘म्तामा’, हौसा भाषेत ‘दावा’. यातले एकही नाव आपल्याकडे आले नाही. दाणा आला, नाव मागेच राहिले. कारण ज्याने तो दाणा इकडे पहिल्यांदा पेरला त्याच्याकडे एक जुने धान्य आणि त्याचे नाव आधीच होते: यव, म्हणजे जव. वेदांत यव भरपूर आहे, ज्वारी नाही. नव्या पाहुण्याला ओळखीच्याच्या नावाने हाक मारायची, ही माणसाची सवय. ‘ज्वारी’ हा शब्द व्युत्पत्तीकार ‘यवासारखे’ या अर्थाच्या जुन्या रूपापर्यंत नेतात. संस्कृत कोशांत ज्वारीला ‘यवनाल’ म्हटले आहे, जवासारखी नळी, म्हणजे ताट असलेले. जोंधळ्याचे नाते याच यवनालाशी लावतात. तेलुगू जोन्ना आणि कानडी जोळ यांचेही सूत इथे कुठेतरी गुंतलेले आहे. ते आर्यभाषांकडून द्राविडी भाषांत गेले की उलट, यावर विद्वान अजून भांडतात. भांडोत बिचारे. गोदावरीच्या या खोऱ्यात मराठी, तेलुगू आणि कानडी हजार वर्षे एकमेकींच्या अंगणात बसल्या आहेत. कुणी कुणाकडून वाटीभर पीठ उसने नेले याची नोंद अशा शेजारात राहत नाही.

जवाने ज्वारीला नाव दिले, आणि पुढे ज्वारीने तेच मक्यासाठी केले. मका अमेरिकेतला. कोलंबसानंतर तो पोर्तुगिजांच्या मागोमाग या देशात पसरला. मराठीने त्याला नुसते ‘मका’ म्हटले. पण कानडीत तो ‘मेक्के जोळ’ झाला, तेलुगूत ‘मोक्कजोन्ना’ आणि तमिळमध्ये ‘मक्काच्चोळम’. तिन्ही ठिकाणी तो ज्वारीचाच एक प्रकार म्हणून घरात आला. अरबीतही असेच घडले. ‘झुरा’ म्हणजे मूळची ज्वारी. मका आल्यावर आधी त्याला झुराचाच एक प्रकार म्हटले, मग मका इतका माजला की आज बऱ्याच अरबी देशांत नुसते झुरा म्हटले तर मका समोर येतो आणि ज्वारीलाच विशेषण लावून ओळख द्यावी लागते. पाहुण्याने घर बळकावले म्हणायचे. वनस्पतिशास्त्रात मात्र जुना अर्थ शिल्लक आहे. ज्वारीच्या पाच मुख्य वंशांपैकी एकाचे नाव ‘दुर्रा’, म्हणजे हेच झुरा. आपली मालदांडी, जिच्या भाकरीचे गोडवे सोलापूरपासून परभणीपर्यंत गातात, ती याच दुर्रा वंशातली.

धान्याकडून भाकरीकडे येऊ. परभणीत ‘भाकरी’ फारसे कुणी म्हणत नाही, ‘भाकर’ म्हणतात. हा शब्द गुजरातेत ‘भाखरी’ होतो, पण तिथे ताटात पडते ती गव्हाची, मोहन घातलेली, खुसखुशीत चकती. कोकणात आणि गोव्यात भाकरी तांदळाची. शब्द तोच, पीठ बदलले. कर्नाटकात आणि तेलंगणात याच्या उलट आहे: पीठ तेच, शब्द बदलला. ‘जोळद रोट्टी’ आणि ‘जोन्न रोट्टे’ यांत धान्याचे नाव आपापले आहे आणि भाजलेल्या वस्तूचे नाव मात्र भारतभर फिरलेले, रोटी. रोटी व्यापाऱ्यांबरोबर, फौजांबरोबर आणि गिरमिटियांच्या जहाजांतून त्रिनिदादपर्यंत गेली, मलायातही पोहोचली. भाकर कुठेच गेली नाही. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नाही. उकळत्या पाण्याने उकड काढून, हातावर किंवा काठवटीत थापून ती करावी लागते, आणि ते करणारा हात नसेल तर शब्द नेऊन उपयोग काय?

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. मलेशिया-इंडोनेशियात ‘रोटी बाकार’ नावाचा पदार्थ न्याहारीला मिळतो. रोटी आपली आहे, पण ‘बाकार’चा भाकरीशी काडीचा संबंध नाही. त्या भाषेत बाकार म्हणजे भाजलेले. कानाला गोड लागणाऱ्या अशा जोड्या जमवून रचलेली शब्दांची वंशावळ चहाच्या टपरीवर फार चालते. तिच्यावर पैसे लावू नयेत.

सीमेवरचे शब्द कसे मुरतात हे बघायचे तर मार्गशीर्षातली अमावास्या गाठावी. लातूर-धाराशिवात हा सण मोठा, आणि परभणीच्या दक्षिण टोकाकडेही त्याचे वारे पोहोचलेले. त्या दिवशी सगळे घर शेतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप करून पूजा होते आणि मग जेवण. कानडीत या दिवसाला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात, एळ्ळु म्हणजे तीळ. मराठीत ती ‘येळवस’ झाली. पुढे शाळा शिकलेल्यांना वाटले की हे ‘येळ’ म्हणजे खेडूत उच्चार, जसे ‘लई येळ झाला’. त्यांनी ते शुद्ध केले आणि पंचांगात, वर्तमानपत्रात ‘वेळ अमावस्या’ छापून आली. तीळ गेले आणि वेळ आली. अर्थ न कळणाऱ्या परक्या शब्दाला आपल्या भाषेत ओळखीचा चेहरा मिळतो तो असा, कुणीही ठरवून न करता.

त्याच जेवणातले ‘उंडे’ घ्या. ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे. कानडीत ‘उंडे’ म्हणजे कुठलाही गोळा, लाडूसुद्धा. तेलुगूत ‘उंड’. मराठवाड्यात शब्द आला तो एका सणापुरता, एका पदार्थापुरता आकसून. गोव्यात ‘उंडो’ म्हणजे बेकरीतला गोल पाव. तिथे गोल आकार टिकला, पीठ मैद्याचे झाले. आणि उंड्यांबरोबर जी ‘आंबील’ असते, तिने उलटा प्रवास केला. आम्ल, प्राकृतात अंबिल, मराठीत आंबील, आणि कानडी-तेलुगूत ‘अंबली’. तिकडे ती बहुधा नाचणीची किंवा जोन्नाची, इकडे ताक घातलेली ज्वारीची. चव सगळीकडे आंबट. या एका शब्दाने आपला अर्थ कुठेही सोडलेला नाही. उन्हाळ्यात रानात काम करणाऱ्याला ज्याची गरज, ते नाव कशाला बिघडेल!

आता ज्या दोन शब्दांसाठी मी हे प्रकरण लिहायला घेतले त्यांच्याकडे येतो. एक ‘हायब्रीड’ आणि दुसरा ‘मिलो’.

१९६४ मध्ये भारतातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले: सीएसएच-१. बुटके ताट, साधारण शंभर दिवसांत हाताशी येणारे पीक आणि उतारा गावच्या ज्वारीच्या कितीतरी पट. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी ते महाराष्ट्रभर लावून धरले. सरकारी पत्रकांत त्याला ‘संकरित ज्वारी’ म्हटले होते. हा शब्द पत्रकातून बाहेर पडलाच नाही. शेतकऱ्याने ‘हायब्रीड’ म्हटले. हायब्रिट, हायब्रेट, जसे जिभेला जमेल तसे. ‘हायब्रीड ज्वारी’त ते विशेषण होते, मराठवाड्यात त्याचे नाम झाले. ‘औंदा हायब्रीड किती पेरली?’, ‘हायब्रीडची भाकर’, ‘हायब्रीडचा कडबा’. ज्वारी हा शब्द पुढे लावायचीही गरज उरली नाही.

पण नावाला चव चिकटली. हायब्रीड लवकर पिकते, म्हणजे दाणा भरतो तेव्हा पाऊस अजून चालू असतो. कणसावर पाणी पडले की बुरशी धरते आणि दाणा काळा पडतो. त्या पिठाची भाकर काळपट, चवीला कडसर. पोट भरले, पण मन भरले नाही. मग शब्द ताटातून उठून माणसांवर जाऊन बसला. दम नसलेल्या पोरांना म्हातारे ‘हायब्रीड खाऊन वाढलेले’ म्हणू लागले. बेचव भाजी हायब्रीड, बेगडी माणूस हायब्रीड. प्रयोगशाळेतून निघालेला शब्द दहा-वीस वर्षांत शिवीच्या उंबरठ्यावर आला. माझ्या मते यात त्या वाणावर थोडा अन्याय झाला, कारण त्याच काळ्या भाकरीवर कित्येक घरांनी वाईट वर्षे काढली. भाषा मात्र उपकार मोजत नाही.

हायब्रीडने आणखी एक शब्द जन्माला घातला, किंवा निदान त्याला नवे काम दिले. ‘गावरान’. आधी गावातल्या ज्वारीला वेगळे नाव लागतच नव्हते, ती नुसती ज्वारी होती. समोर दुसरी आल्यावर तिला विशेषण लागले. पुढे गावरान कोंबडी, गावरान तूप, गावरान अंडी अशी रांग लागली. आज महामार्गावरच्या ढाब्यांच्या पाट्यांवर हा शब्द इतका दिसतो की तो तिथल्या मसाल्यापेक्षा जास्त खपतो.

‘मिलो’ची गोष्ट याहून विलक्षण. १९७२ चा दुष्काळ. ज्या वर्षी १८ मे रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याच वर्षी पावसाने मराठवाड्याकडे पाठ फिरवली. दुष्काळी कामांवर खडी फोडायला बायाबापड्या, पोटात सुकडी, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी. तिचे नाव मिलो. अमेरिकेत ती मुख्यतः जनावरांना खायला घालण्यासाठी पिकवली जाते, ही बातमी धान्याच्या आधी गावात पोचली होती. भाकर लाल व्हायची, चिरायची, तुरट लागायची. त्या पिढीतल्या कुणासमोरही आज ‘मिलो’ म्हणून पाहा, पुढचा अर्धा तास तुमचा नाही. दोन अक्षरांत सगळा दुष्काळ साठवलेला असा दुसरा शब्द मराठवाड्याच्या बोलीत मला तरी दिसत नाही.

पण मिलो म्हणजे कोण? ज्वारीच. आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर ज्वारी अमेरिकेत गेली, तिथे तिला ‘गिनी कॉर्न’ म्हणाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी वाण गेले, त्यांतले एक ‘मिलो’. काही इंग्रजी कोश हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या सेसोथो भाषेतून आल्याचे सांगतात. दुसरे वाण ‘काफिर कॉर्न’. काफिर हा अरबी शब्द परभणीतल्या उर्दू जाणणाऱ्याला समजावून सांगायला नको. अरबी व्यापारी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इस्लाम न मानणाऱ्यांना काफिर म्हणत. युरोपियनांनी तो शब्द उचलून तिथल्या काळ्या माणसांवर चिकटवला आणि त्यांच्या धान्यावरही. दक्षिण आफ्रिकेत आज तो अत्यंत घाणेरडा अपशब्द आहे, आणि तरी ज्वारीच्या पाच वंशांच्या यादीत दुर्राशेजारी ‘काफिर’ अजून छापला जातो.

१९५४ मध्ये टेक्सासात स्टीफन्स आणि हॉलंड या दोघांनी मिलो आणि काफिर यांच्या संकरातून निर्माण झालेल्या, पराग वांझ असलेल्या झाडांचा उपयोग दाखवून दिला. व्यापारी प्रमाणावर संकरित ज्वारीचे बियाणे त्यामुळेच शक्य झाले. आपल्या सीएसएच-१ ची आई याच कुळातली: ‘कंबाइन काफिर ६०’ नावाची वांझ ओळ, जिच्या पेशीद्रवाचा वारसा मिलोचा. म्हणजे रेशनच्या पोत्यातून मिलो परभणीत यायच्या आधीच ती हायब्रीडच्या रूपाने इथल्या काळ्या रानात उभी होती. लोकांनी नातीला हायब्रीड म्हटले, आजीला मिलो म्हटले, दोघींना नावे ठेवली आणि नाते कुणाला कळले नाही. आफ्रिकेतून एक शाखा पूर्वेला निघाली आणि भाकर झाली, दुसरी पश्चिमेला निघाली आणि गुरांचे खाद्य झाली. हजारो वर्षांनी दोघींची गाठ मराठवाड्यात पडली, तेव्हा त्यांनी एकमेकींना ओळखले नाही. नावे वेगळी होती ना.

व्यापारी मालाचे नाव टिकते असे वर म्हटले, त्याला एक पुरवणी जोडायला हवी: ते कुठल्या वाटेने आले यावरही असते. पुण्या-मुंबईत ‘बटाटा’, पोर्तुगिजांचा. परभणीत मात्र भाजीवाला ‘आलू’ म्हणतो आणि हॉटेलात आलूबोंडा मिळतो. तेलंगणात ‘आलुगड्ड’, कर्नाटकात ‘आलूगड्डे’. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती, राजधानी हैदराबाद, दरबाराची आणि शाळेची भाषा उर्दू. राज्य जाऊन पाऊणशे वर्षे उलटली, जिल्हा महाराष्ट्रात येऊन साठ वर्षे होऊन गेली, पण बटाट्याची सीमा तहसीलदाराच्या नकाशाबरोबर सरकली नाही.

अलीकडे ज्वारीवर नव्या नावांचा पाऊस आहे. सरकारी दफ्तरात ती ‘भरडधान्य’ होती. २०१८ मध्ये केंद्राने ‘पौष्टिक तृणधान्य’ म्हटले. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे तृणधान्य वर्ष आले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’ हे नाव झळकले. शहरातल्या चकचकीत पाकिटावर ‘मिलेट’ लिहिलेले असते. पाकीट महाग आहे म्हणून शब्दही मानाचा झाला. मोंढ्यात यातला एकही शब्द अजून ऐकू येत नाही. तिथे बडी, टाळकी आणि हायब्रीडच चालतात.

विद्यापीठाने मात्र नाव द्यायची एक साधी रीत पाडली आहे: पुढे गावाचे नाव. ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी. ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त जास्त असलेली ज्वारी, २०१८ मध्ये आलेली, तेलंगणातल्या पटानचेरूच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर घडवलेली. जोन्नाच्या मुलखात तयार झालेल्या वाणाला जोंधळ्याच्या मुलखाचे नाव मिळाले. पण सर्वांत लांब गेले ते ज्वारीचे नव्हे, भेंडीचे वाण. केवडा रोगाला, म्हणजे पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूला, तोंड देणारी ‘परभणी क्रांती’ १९८० च्या दशकात इथून बाहेर पडली. बियाण्याच्या पाकिटावर छापलेले नाव कुठल्याच भाषेने बदलले नाही. बिहारमध्ये भिंडी, कर्नाटकात बेंडे, तमिळनाडूत वेंडै म्हणणारे शेतकरी तिला सरसकट ‘परभणी क्रांती’च म्हणतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना परभणी हे एका जिल्ह्याचे नाव आहे हे ठाऊक नसते.